प्रकाशही सुटत नाही, मग कृष्णविवराचे छायाचित्र कसे मिळाले?

पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतील कृष्णविवरांवरचे व्याख्यान ऐकून आपल्याला पडलेला हा प्रश्न रास्त आहे. त्या छायाचित्रात कृष्णविवर स्वतः दिसत नाही. त्याच्याभोवती प्रचंड वेगाने फिरणाऱ्या तप्त वायूतून निघालेल्या आणि गुरुत्वाकर्षणाने वळलेल्या रेडिओ लहरींचे तेजस्वी कडे दिसते व मध्यभागी त्याची सावली उरते. सुमारे ५.५ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या एम८७ दीर्घिकेतील कृष्णविवराची ही प्रतिमा १० एप्रिल २०१९ रोजी प्रसिद्ध झाली. पृथ्वीवर दूरदूर विखुरलेल्या आठ रेडिओ दुर्बिणींची २०१७ मधील एकाच वेळची निरीक्षणे जुळवून जणू पृथ्वीएवढी दुर्बीण साधली गेली, आणि मला हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो. पुणे जिल्ह्यातील खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीतील तीस अँटेनाही याच तत्त्वावर, मात्र कितीतरी लांब लहरींवर, काम करतात.