माझ्या पापाचं पोरगी भोगतीय का?

मिरजेत समुपदेशनाला बसायला लागल्यापासून एक प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की माणूस खुर्चीत टेकायच्या आधीच कळतं की हा काय विचारणार. कुणाचं मूल गेलेलं असतं, कुणाला कॅन्सर निघालेला असतो, कुणाचा धंदा बसलेला असतो, पण प्रश्न एकच. मॅडम, देव मला शिक्षा करतोय का? मिशनरी डॉक्टर वानलेस यांच्या काळापासून म्हणजे 1890 च्या दशकापासून इथे मिशनचा दवाखाना आणि चर्च शेजारी शेजारी वाढलं, चार-चार पिढ्या ख्रिस्ती असलेली घरं आहेत इथे, आणि तरी घरात मोठा आजार आला की औषधाच्या आधी जुनं पाप आठवतं.

त्यातलीच ही एक केस, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. तासगावकडे बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये काम करणारे एक गृहस्थ. मुलीला नवव्या वर्षी टाइप 1 डायबेटिस निघाला. हा आजार गोड खाण्यामुळे होत नाही, शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मारते आणि मग इन्सुलिन बाहेरून घ्यावंच लागतं. डॉक्टरांनी हे सगळं त्यांना नीट सांगितलं होतं, त्यांना पाठच होतं. पण ते म्हणाले, "मॅडम, पेशी मेल्या हे ठीक आहे, पण माझ्याच पोरीच्या का मेल्या?"

पिशवीतून त्यांनी एक दोनशे पानी वही काढली. डाव्या बाजूला मुलीच्या शुगरचे आकडे आणि उजव्या बाजूला लाल पेनानं बारीक अक्षरात, 312, काल बायकोवर ओरडलो. 268, प्रार्थना चुकली. 140, दिवस बरा गेला. शुगर तीनशेच्या वर गेली की दुसऱ्या दिवशी उपास. बायबलच्या निर्गम पुस्तकातलं वचन त्यांना तोंडपाठ, वडिलांच्या अन्यायाबद्दल मुलांना तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत शासन करणारा देव. त्याच्या लगेच पुढचं वाचायला लावलं, हजारो पिढ्यांवर दया करणारा. चार कुठं आणि हजार कुठं! आणि बायबलातल्याच यहेज्केलच्या अठराव्या अध्यायात तर स्पष्टच आहे की मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही.

ते गप्प बसणारे नव्हते. म्हणाले, "मग दाविदाचं लेकरू का मेलं?"

दावीद राजानं पाप केलं आणि त्याचं लेकरू मेलं, ती बायबलातली गोष्ट. हा प्रश्न खरा आहे आणि मी तो कधी गुळगुळीत करून सांगत नाही, शास्त्रात ती गोष्ट तशीच आहे, अवघडच आहे. पण मी एवढंच विचारलं, दाविदाला नाथान संदेष्ट्यानं समोर उभं राहून सांगितलं होतं, तुम्हाला कोण नाथान भेटला? तिथे संदेष्टा बोलला होता आणि इथे तुम्ही ग्लुकोमीटरला संदेष्टा केलंय. जन्मांधाला बघून शिष्यांनी येशूला हेच विचारलं होतं, कुणाचं पाप, याचं की आईबापांचं? येशू म्हणाला, याचंही नाही आणि आईबापांचंही नाही.

पण वचनांनी माणूस क्वचितच हलतो हे मी इतक्या वर्षांत शिकलेय. ते हलले ते मुलीमुळे.

पुढच्या वेळी मी मुलीला पण बोलावलं आणि ग्लुकोमीटर आणायला सांगितलं. वहीत त्या आठवड्यात सगळे आकडे सव्वाशे-दीडशेच्या आसपास, बाप खूश. मीटरच्या मेमरीत मात्र 290, 305, 277. मी पोरीकडे बघितलं, तिनं खाली बघितलं आणि म्हणाली, "जास्त सांगितलं की पप्पा जेवत नाहीत आणि रात्री रडतात."

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मी म्हणाले, बापाच्या पापाचं ओझं लेकरावर देव टाकत नव्हता, भाऊ, ते या वहीनं टाकलं. खोट्या आकड्यावर इन्सुलिनचा डोस ठरला असता तर काय झालं असतं हे त्यांना मी सांगायची गरजच नव्हती. वही त्यांनी स्वतःच बंद केली.

अनेक जण इथे थांबतात, अपराधभाव गेला, झालं काम. मी थांबत नाही. माणसाला आतून टोचत असेल तर ते टोचणं उगाच नसतं, ते गप्प करायच्या आधी ते कशाकडे बोट दाखवतंय हे बघायचं, यावर माझा पक्का विश्वास आहे. मी विचारलं, चर्चमध्ये प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या आठवणीत घ्यायच्या भाकरीचं, ताट न घेता पुढे सरकवून देता असं पहिल्यांदा आलात तेव्हा म्हणाला होता, ते कधीपासून? मुलीच्या आजाराच्या बऱ्याच आधीपासून निघालं. वडिलांच्या घरावर पुण्याच्या थोरल्या भावानं हक्कसोड पत्रावर सही केली होती ती 'अर्धी रक्कम देतो' या यांच्या शब्दावर, आणि ती रक्कम कधी दिलीच नाही. त्यात पोरीचा आजार आला आणि त्यांच्या मनानं हिशोब जुळवून टाकला.

खरं सांगायचं तर देवाची शिक्षा मान्य करणं त्यांना सोपं होतं, भावाला फोन करणं अवघड होतं. हे मी खूप जणांत बघितलंय. उपास करतील, रडतील, आजार अंगावर ओढून घेतील, पण ज्याचं नुकसान केलं त्याच्या दारात जाणार नाहीत. दया म्हणजे हिशोब बुडवणं असं ख्रिस्ती शिकवण कुठेच म्हणत नाही. कॅथलिक बंधू पापनिवेदन करून प्रायश्चित्त घेतात, आम्ही प्रॉटेस्टंट म्हणतो दंड वधस्तंभावर भरला गेला, पण जक्कय नावाच्या जकातदारानं ज्यांना फसवलं त्यांना चौपट द्यायची तयारी दाखवली हे दोघांच्याही बायबलात आहे. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू सांगतो, वेदीजवळ दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव आणि आधी भावाकडे जा.

ते पुण्याला जाऊन आले. भावानं चहा दिला, माफी दिली नाही, 'पैसे देशील तेव्हा बघू' म्हणाला. पहिला हप्ता बँकेतून गेला, भावाचा फोन नाही की मेसेज नाही. ते माझ्याकडे येऊन म्हणाले, "त्यानं माफ केल्याशिवाय प्रभुभोजन कसं घेऊ?" मी म्हणाले, बायबलात प्रेषित पौल लिहितो की तुमच्याकडून होईल तितकं सर्वांबरोबर शांतीनं राहा, तुमच्याकडून होईल तितकं. देवाची क्षमा भावाच्या मूडवर अडून राहत नाही आणि देवानं क्षमा केली म्हणून भावाचे पैसे पण माफ होत नाहीत. बाकी पाळकसाहेबांशी बोला, सगळं सांगा, काही लपवू नका.

पाळकसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुढच्या प्रभुभोजनाला त्यांना स्वतः टेबलाजवळ बोलावलं. शुगरची वही आता मुलगी लिहिते, उजवी बाजू कोरी असते, आणि भावाचे हप्ते चालू आहेत.