दोघांचं मिशन, एकाचं वेळापत्रक

ताई,
यजमान ६८ वर्षांचे, मी ६५ची, निवृत्त शिक्षिका. लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) चर्चच्या वतीनं आम्ही १८ महिन्यांसाठी परदेशात सिनिअर मिशनरी, म्हणजे वयस्कर स्वयंसेवक, म्हणून आलो आहोत. सात महिने झाले. मिशनच्या ऑफिसात यजमानांकडे मिशनरींच्या घरांचे भाडेकरार, गाड्या, व्हिसाची कागदपत्रं. मी फोन घेते, पार्सलं लावते, घरी येऊन स्वयंपाक करते, आणि आठवड्यातून दोनदा तरी तरुण मिशनरी जेवायला असतात. आम्ही इथे आल्यावर नात झाली. तिला स्क्रीनवरच पाहिलंय, तेही सोमवारी, कारण हे म्हणतात, पोरांना जे नियम तेच आपल्याला. परत जाऊ या म्हटलं तर म्हणतात, "देवाचं काम अर्धवट टाकायचं नसतं. शिवाय इतका पैसा घातलाय." दर आठवड्याला ते दोघांच्या नावानं घरच्यांना पत्र पाठवतात, त्यात सगळं आनंदात. माझीच श्रद्धा कमी पडतेय का?
– एक सिस्टर

(पत्र बरंच मोठं होतं, इथे थोडक्यात छापलं आहे.)

तुमची श्रद्धा ठीक आहे. अख्ख्या पत्रात देवाविषयी एकही तक्रार मला सापडली नाही. तक्रार आहे ती ऑफिस सुटल्यानंतरच्या दोन तासांची. यजमान बूट काढून सोफ्यावर बसतात आणि उद्याच्या घरमालकाशी फोनवर बोलतात. तुम्ही त्याच कपड्यांत ओट्यापाशी उभ्या राहता, आणि एकदा भाजी परतताना लक्षात आलं की नावाची काळी पट्टी अजून छातीवरच आहे. हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मी तिथेच थांबले.

यजमानांना या मिशननं पुन्हा टेबल दिलं, किल्ल्या दिल्या, आणि त्यांच्यावाचून ज्यांचं अडतं अशी माणसं दिली. निवृत्त झालेल्या पुरुषाला आणखी काय हवं असतं! तुम्हालाही ऑफिस मिळालं, पण घर होतं तसंच डोक्यावर राहिलं. त्यांची निवृत्ती रद्द झाली आणि तुमची कधी सुरूच झाली नाही. त्यावर परदेशातला एकटेपणा आणि लांब राहिलेली नात. वैतागायला एवढं पुरे आहे, त्यात अध्यात्म आणायची गरज नाही.

आता नियमांचं. मी तुमच्या चर्चची नाही, पण या नियमांची माहिती उघड उपलब्ध आहे. तरुण मिशनरींना उठण्याझोपण्यापासून सगळं कडक वेळापत्रक असतं, ते सिनिअर जोडप्यांना लागू नाही. दारोदार प्रचाराला जाण्याची अपेक्षाही तुमच्याकडून नसते. फोनचं तर विचारूच नका. पोरांना पूर्वी नाताळ आणि मदर्स डे, अशा दोनच दिवशी घरी फोन करता यायचा. फेब्रुवारी २०१९ पासून त्यांनाही दर आठवड्याला बोलायची मुभा मिळाली. तुमच्यावर असं बंधन नाहीच. सोमवारचा नियम यजमानांच्या घरचा आहे. उद्या सकाळी नातीला फोन लावा, परवा पुन्हा लावा. घरी काही महत्त्वाचा प्रसंग असेल तर मिशन प्रेसिडेंटची, म्हणजे तुमच्या मिशनच्या प्रमुखांची, परवानगी घेऊन, स्वखर्चानं, सिनिअर जोडप्याला थोडे दिवस जाऊन येता येतं. तेही विचारून ठेवा.

पैशाचा मुद्दा मला फारसा पटला नाही. सिनिअर जोडपी आपला खर्च आपण करतात, हे खरं. घरभाड्यापोटी जोडप्यानं भरायच्या रकमेला चर्चनं २०११ मध्ये महिना १,४०० डॉलरची मर्यादा घातली, ती याच ओझ्यामुळे. पण "पैसा घातलाय" यात तुमचं पेन्शनही आहे ना? मग तो पैसा कसा सार्थकी लागावा, यात तुमचंही मत धरायला हवं.

तुमच्या पत्रात एके ठिकाणी अक्षरसुद्धा बदललंय. मिशनरींची घरं तपासायला तुम्ही दोघं गेला होतात. यजमान नळ, गिझर, स्मोक अलार्म बघत होते. आतल्या खोलीत एकोणीस वर्षांची सिस्टर, म्हणजे मिशनरी मुलगी, पलंगावर बसून रडत होती, भाषा जमत नाही म्हणून. तुम्ही तिच्या वहीतलं एकच लांब वाक्य घेतलंत, त्याचे चार तुकडे केलेत, एकेक तुकडा तिच्याकडून दहादा म्हणवून घेतलात. यजमान दारात उभं राहून घड्याळ दाखवत होते आणि तुम्ही त्यांना हातानंच थांबवलंत. त्या दिवशी नातीची आठवणसुद्धा आली नाही, असं लिहून पुढे लगेच अपराधी वाटलं म्हणालात. अहो, अपराधी कशाला? तीस वर्षं शिकवलेल्या बाईला पुन्हा शिकवायला मिळालं, एवढंच झालं.

मग ते काम मागून घ्या. सिनिअर जोडपी काय काय करतात ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता: ऑफिस, चर्चच्या मंदिरातली (टेंपल) सेवा, जुन्या नोंदींचं काम, मदतकार्य, दुरावलेल्या सदस्यांच्या भेटीगाठी. तुमच्या चर्चचे इंग्रजी शिकवणारे इंग्लिशकनेक्टचे वर्ग असतात, बीवाययू-पाथवेसारखा ऑनलाइन उच्च शिक्षणाचा अभ्यासक्रम असतो, तिथे शिकवणाऱ्या माणसाला नाही कोण म्हणेल? नेमणूक वरून येते, तरी मिशनमधल्या कामांत फेरफार करणं प्रेसिडेंटच्या हातात असतं. पार्सलं दुसरं कोणीही लावू शकेल. प्रेसिडेंटशी तुम्ही स्वतः बोला. यजमानांना "माझ्या वतीनं विचारा" म्हणालात तर ते विचारतील, पण अर्धंच.

ज्या पोरांना जेवू घालता, ज्यांच्या पँटची शिवण रात्री नऊला घालून देता, ती सहा आठवड्यांनी बदली होऊन निघून जातात, याचंही दुःख पत्रात आहे. बदलीच्या दिवशी स्टेशनवर सामान चढवताना हसायचं आणि घरी येऊन त्यांच्या उरलेल्या चादरी धुवायच्या, हे सोपं नाही. यावर माझ्याकडे औषध नाही. पोरांना आठवड्यातून दोनदाऐवजी एकदाच जेवायला बोलवा, इतकंच सुचतं. बाकी दिवशी पोरं उपाशी राहत नाहीत, त्यांच्या आयांना विचारा हवं तर.

यजमानांशी बोलताना "मला परत जायचंय" इथून सुरुवात करू नका. ते ऐकलं की ते देवाचे वकील होतात आणि तुम्ही आपोआप आरोपी. रात्री दहाला, दोघं दमलेले असतानाही नको. प्रिपरेशन डेला, म्हणजे घरकामासाठीच्या आठवड्यातल्या मोकळ्या दिवशी, कपडे मशिनमध्ये फिरत असताना, नेमकं बोला: मंगळवार आणि गुरुवारचा स्वयंपाक तुमचा. रोज संध्याकाळी एक तास मी एकटी फिरायला जाणार. शिकवण्याच्या कामाबद्दल मी प्रेसिडेंटना भेटणार आहे. नातीला मला वाटेल तेव्हा फोन करणार. चारही गोष्टींत देवाचं काही बिघडत नाही, त्यामुळे त्यांना वाद घालायला जागा उरत नाही. स्वयंपाक येत नाही म्हणाले तर भात लावायला शिकवा. व्हिसाचे फॉर्म भरणाऱ्या माणसाला कुकरच्या शिट्ट्या मोजता येतील.

त्यांचीही एक बाजू आहे. घरी परतल्यावर त्यांना सकाळी कुठे जायचंय? बहुधा हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलेलाच नाही, आणि म्हणून ते इतक्या जोरात नाही म्हणतात. ही भीती त्यांच्या तोंडून काढता आली तर बघा, पण ती सांभाळायची म्हणून तुमची संध्याकाळ सोडू नका.

परत जायचं की नाही, हे आज ठरवू नका. दोन बदल्या, म्हणजे बारा आठवडे, या नव्या व्यवस्थेनं जाऊ देत. तरीही मन घराकडेच ओढ घेत असेल तर प्रेसिडेंटना दोघांनी मिळून सांगा आणि या. सिनिअर मिशन ६, १२, १८, २३ महिन्यांची असतात. कोणी सहा महिने सेवा करून परत आलं तर त्याची सेवा अर्धवट राहिली असं तुमचं चर्चही म्हणत नाही. तुम्ही तर सात केलेत.

राहिलं आठवड्याचं पत्र. ते खोटं आहे का, असं तुम्ही विचारलंत. खोटं नाही, एकट्याचं आहे. पुढच्या सोमवारचं तुम्ही लिहा. त्यात त्या मुलीचं लांब वाक्य येऊ दे, ओट्यापाशी राहून गेलेली पट्टी येऊ दे, नातीला अजून मांडीवर घेतलं नाही हेही येऊ दे. यजमानांनी पाठवण्याआधी वाचायला मागितलं तर जरूर द्या. दुरुस्त्या मात्र करू देऊ नका.