वाचकांचे प्रश्न : इंग्लंडमधल्या अनोळखी शहरात एकट्याने शनिवार-रविवार

प्रश्न : मी ६३ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे आणि सध्या सहा महिन्यांसाठी रेडिंगला मुलाकडे राहते आहे. मुलगा आणि सून दोघेही कामात असतात, म्हणून ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी यॉर्क हे शहर एकटीने पाहून यावे असे मनात आहे. मी शाकाहारी आहे. इंग्रजी समजते, पण भराभर बोलता येत नाही. मुलाला काळजी वाटते. हे जमेल का?

उत्तर : अवश्य जमेल, आणि पहिल्या एकट्या सहलीसाठी आपण निवडलेले शहरही योग्य आहे. यॉर्कचा जुना भाग तटबंदीच्या आत आटोपशीर वसलेला असल्यामुळे स्थानकावर उतरल्यापासून परत गाडीत बसेपर्यंत वाहनाची फारशी गरज पडत नाही, आणि वाट चुकलीच तर मिन्स्टर या भव्य कॅथीड्रलचे मनोरे कुठल्या ना कुठल्या गल्लीतून दिसतातच. मी फक्त तारीख बदलायला सुचवेन. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे ब्रिटनमधली घड्याळे एक तास मागे घेतली जातात, त्यामुळे शनिवारी साडेपाचनंतर मावळणारा सूर्य रविवारी साडेचारच्या सुमारासच मावळतो. शिवाय त्याच सुमारास शाळांना आठवडाभराची सुट्टी असते, आणि यॉर्कसारख्या शहरात तेव्हा मुलाबाळांसह आलेल्या कुटुंबांची गर्दी होऊन खोल्यांचे भाडे चढते. दोन आठवडे अलीकडचा शनिवार-रविवार निवडलात तर सहा वाजेपर्यंत उजेड मिळेल आणि मुक्कामही बेताच्या दरात होईल.

तारखेबद्दल एवढे सांगण्याचे कारण असे, की अशा शहरात एकट्या माणसाला जड जाते ती संध्याकाळ. दिवसभर पाहण्यासारखे इतके असते की सोबत कुणी नाही याची आठवणही होत नाही. मात्र पाचच्या सुमारास संग्रहालये बंद होतात, दुकाने आवरायला लागतात, आणि रात्रीच्या जेवणापर्यंतचे तीनचार तास रिकामे पडतात. लोक सकाळचा कार्यक्रम आधी आखतात आणि संध्याकाळ तशीच सोडून देतात. आपण उलट करावे: शनिवारची संध्याकाळ आधी ठरवावी आणि बाकीचा दिवस तिच्याभोवती बसवावा.

यॉर्कमध्ये यासाठी फार चांगली सोय आहे. मिन्स्टर पाहण्यासाठी दिवसा तिकीट लागते, पण संध्याकाळी तिथे गायनासह जी सायंप्रार्थना होते, तिला कोणीही बसू शकते आणि तिचे पैसे लागत नाहीत. धर्माची अट नाही, काही बोलावे लागत नाही. दारावरचे स्वयंसेवक जागा दाखवतात आणि छापील पत्रिका हातात देतात. गायकवृंदाचे सूर त्या उंच दगडी छताखाली घुमत राहतात, आणि तास-पाऊण तास कसा जातो ते कळत नाही. त्या दिवशीची वेळ मिन्स्टरच्या संकेतस्थळावर आधी पाहून ठेवावी, कारण रविवारची वेळ इतर दिवसांपेक्षा वेगळी असते.

आता प्रवास. रेडिंगहून लंडनचे पॅडिंग्टन, तिथून भुयारी रेल्वेने किंग्ज क्रॉस, आणि पुढे साधारण दोन तासांत यॉर्क, असा मार्ग सोपा पडतो. रेडिंग ते यॉर्क असे एकच सलग तिकीट काढावे, कारण लंडनमधला भुयारी रेल्वेचा टप्पा सहसा त्यातच धरलेला असतो. स्थानकावरच्या यंत्रातून ते छापील स्वरूपात घेतले म्हणजे भुयारी रेल्वेच्या फाटकाशी अडचण येत नाही. सलग तिकिटाचा आणखी एक फायदा आहे. आधीची गाडी उशिरा आल्यामुळे पुढची ठरलेली गाडी चुकली, तर त्याच तिकिटावर नंतरच्या गाडीने जाता येते. तुकड्यातुकड्यांनी काढलेल्या तिकिटांवर हाच हक्क सांगताना नियमांचा खल करावा लागतो, आणि भराभर बोलता येत नाही असे वाटणाऱ्या माणसाने ती वेळच येऊ देऊ नये. वय ६० पूर्ण झालेल्यांना सीनियर रेलकार्डावर भाड्यात एक तृतीयांश सवलत मिळते. ते घेण्यासाठी इथले रहिवासी असावे लागत नाही, तिकीटखिडकीवर पासपोर्ट दाखवून घेता येते. बॅग चढवायला-उतरवायला मदत हवी असेल तर पॅसेंजर असिस्ट ही विनामूल्य सेवा आधी नोंदवावी. ज्येष्ठ प्रवाशांनी ती मागण्यात संकोच बाळगण्याचे काही कारण नाही.

मुक्काम स्थानक आणि मिन्स्टर यांच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर असावा. बूथम भागात घरगुती पद्धतीची बरीच अतिथिगृहे आहेत. तिथे सकाळच्या न्याहारीच्या वेळी घरमालकांशी आपसूक चार शब्द बोलणे होते, आणि एकटीने आलेल्या पाहुणीसाठी ते मोठ्या हॉटेलातल्या स्वागतकक्षापेक्षा बरे. ही घरे मात्र जुनी असतात, जिने अरुंद व चढे असतात आणि लिफ्ट बहुधा नसते, म्हणून खोली ठरवतानाच तळमजला मागावा. खोली दुपारी तीनच्या आसपास ताब्यात मिळते, पण बॅग आधी ठेवून घेतात. न्याहारीसाठी शाकाहारी असल्याचे आदल्या दिवशी सांगितले की पुरते.

दोन दिवसांत दोन मोठ्या गोष्टी सावकाश पाहाव्यात आणि बाकीचे चालता चालता दिसेल तेवढे पुरे मानावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिली गोष्ट अर्थातच मिन्स्टर. आत गेल्यावर पूर्वेकडची मोठी खिडकी सोडू नका. जॉन थॉर्नटन या कारागिराने १४०५ ते १४०८ या काळात ती रंगीत काचांनी घडवली, आणि सृष्टीच्या आरंभापासून जगाच्या अंतापर्यंतची बायबलमधली कथा तिच्या शेकडो तुकड्यांत चितारली आहे. खालून पाहताना वरच्या ओळींतली माणसे ठिपक्यांएवढी दिसतात, म्हणून छोटी दुर्बीण बरोबर न्यावी. चेहरे, पंख, लाटा, राक्षसांचे दात असे सगळे एकदम जवळ येते, आणि सहाशे वर्षांपूर्वीच्या माणसाने जिथे कुणाची नजर पोहोचणार नाही तिथेही किती जीव ओतला आहे ते दिसते. सोबत घाई करणारे कुणी नसल्यामुळे त्या एका खिडकीसमोर अर्धा तास बसता येते. एकटीने जाण्याचा हा लाभ पुरेपूर घ्यावा. रविवारी सकाळी प्रार्थना असल्यामुळे पर्यटकांना प्रवेश नसतो, म्हणून मिन्स्टर शनिवारीच पाहावे.

दुसरी गोष्ट रविवारी सकाळी, स्थानकामागचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय. प्रवेश विनामूल्य आहे. ३ जुलै १९३८ रोजी ताशी १२६ मैल, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटर, असा वाफेच्या इंजिनांचा आजवरचा विक्रम करणारे निळे मॅलर्ड इंजिन इथलेच.

तटबंदीवरून चालणे हे या दोहोंच्या मधले काम. पूर्ण फेरा साधारण साडेतीन किलोमीटरचा आहे, तिकीट नाही, आणि अंधार पडताना दरवाजे बंद होतात. आपण सगळा फेरा करण्याच्या मागे लागू नये. बूथम बार ते मंक बार (इथे ‘बार’ म्हणजे तटबंदीतली वेस) हा तुकडा सर्वांत देखणा आहे; तिथून मिन्स्टरची मागची बाजू आणि तिच्या पायथ्याच्या बागा दिसतात. आतल्या बाजूला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही आणि पावसात दगड निसरडे होतात, हे लक्षात ठेवून ओल्या दिवशी हा बेत रद्द करावा.

जेवणाबद्दल एक सूचना महत्त्वाची आहे आणि ती फारसे कुणी देत नाही. यॉर्कशरमध्ये मासे-बटाट्यांच्या अनेक दुकानांत बटाट्याचे तळलेले काप परंपरेने गोमांसाच्या चरबीत तळतात. दिसायला ते निव्वळ बटाटे असतात, म्हणून प्रत्येक वेळी ‘कशात तळले आहे?’ असे विचारावे. यॉर्कशर पुडिंग नावाच्या फुगलेल्या पुरीसारख्या पदार्थालाही बहुधा अशीच चरबी लावलेली असते. उपाहारगृहात मात्र अंडी, दूध, गहू असे ठरावीक १४ घटक कोणत्या पदार्थात आहेत हे सांगणे मालकांना कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे चौकशी केल्यास कुणी कपाळाला आठ्या घालत नाही. दिवसाचे मुख्य जेवण दुपारी घ्यावे. एकटीसाठी टेबल तेव्हा सहज मिळते, आणि रात्री सूप, पाव किंवा फळे खोलीवर घेऊन गेले की भागते.

मुलाने काळजी करणे स्वाभाविकच आहे. त्याला गाडीची वेळ, मुक्कामाचा पत्ता आणि रात्री फोन करण्याची वेळ लिहून द्यावी, आणि तसाच एक कागद आपल्या पर्समध्ये ठेवावा, कारण फोनची बॅटरी संपल्यावर पत्ता कुणालाही दाखवता येतो.

प्रश्न : मी बर्मिंगहॅमला शिकणारा २२ वर्षांचा विद्यार्थी आहे. मित्रांचा बेत दर वेळी बारगळतो, म्हणून आता एकट्यानेच निघायचे ठरवले आहे. हातात पैसे थोडे आहेत. कुठे जावे?

उत्तर : लिव्हरपूलला जावे. बर्मिंगहॅमहून थेट गाडी आहे, पावणेदोन तासांच्या आसपास पोहोचता येते, आणि १६ ते २५ वयोगटाच्या रेलकार्डावर तुम्हालाही एक तृतीयांश सवलत मिळेल. ठरावीक गाडीचे आगाऊ तिकीट स्वस्त असते, पण ते त्याच गाडीला चालते, हे विसरू नका. निघण्याआधी त्या शनिवार-रविवारी शहरातल्या दोन मोठ्या फुटबॉल संघांपैकी कुणाचा घरचा सामना आहे का, एवढे पाहा. सामना असेल तर वसतिगृहातल्या सामाईक खोलीतल्या खाटेचाही दर वाढलेला असतो.

शहर पैसे न मागता खूप काही दाखवते. लाइम स्ट्रीट स्थानकातून बाहेर आलात की समोर सेंट जॉर्जेस हॉल, आणि चार पावलांवर वॉकर कलादालन व मध्यवर्ती ग्रंथालय. ग्रंथालयातले वर्तुळाकार पिक्टन वाचनालय विद्यार्थ्याने पाहायलाच हवे. पण माझ्या मते खरी सफर होप स्ट्रीटची आहे. या एका रस्त्याच्या दोन टोकांना दोन कॅथीड्रल आहेत. अँग्लिकन कॅथीड्रलचा आराखडा स्पर्धेत निवडला गेला तेव्हा वास्तुविशारद जाइल्स गिल्बर्ट स्कॉट तुमच्याच वयाचे, २२ वर्षांचे होते. काम १९०४ मध्ये सुरू झाले आणि १९७८ मध्ये पुरे झाले. स्कॉट १९६० मध्येच वारले. दुसऱ्या टोकाचे कॅथलिक कॅथीड्रल मूळ एडविन लट्यन्स यांना बांधायचे होते, म्हणजे नवी दिल्लीचे राष्ट्रपती भवन ज्यांनी रचले त्यांनाच. युद्ध आणि खर्च यांमुळे त्यांच्या आराखड्यातले फक्त तळघर झाले, आणि त्यावर फ्रेडरिक गिबर्ड यांची तंबूसारखी वर्तुळाकार वास्तू १९६७ मध्ये उभी राहिली. एक इमारत आयुष्यभराच्या चिकाटीची, दुसरी मोडलेल्या बेताची. दोन्ही एका दुपारी पाहिल्या म्हणजे विसाव्या शतकातले इंग्लंड बरेचसे समजते.

संध्याकाळचा प्रश्न तुम्हालाही आहेच. उन्हाळ्याचे दिवस असतील तर लोकल गाडीने ब्लंडेलसँड्स अँड क्रॉस्बीला जा. तिथल्या किनाऱ्यावर शिल्पकार अँटनी गॉर्मली यांनी घडवलेले १०० लोखंडी पुतळे समुद्राकडे तोंड करून उभे आहेत, आणि भरतीचे पाणी चढते तसे ते एकेक करून बुडत जातात. भरतीची वेळ पाहून जा, आणि दूरच्या पुतळ्यांपर्यंत चालत जाण्याचा मोह टाळा, कारण पुढे पाय रुतणारा चिखल आहे आणि एकट्या माणसाला ओढून काढायला जवळ कुणी नसते. परतीच्या गाडीत कुणी त्रास दिला तर ६१०१६ या क्रमांकावर ब्रिटिश रेल्वे पोलिसांना लघुसंदेश पाठवता येतो. जीव धोक्यात असेल तर ९९९.

प्रश्न : मी नोकरी करतो. एकट्याने केलेल्या माझ्या सहलींत शनिवार चांगला जातो, पण रविवार फुकट जातो. गाड्या रद्द असतात, दुकाने उशिरा उघडतात, खोली अकराला सोडावी लागते. काय करावे?

उत्तर : या तीनही गोष्टी आधी कळू शकतात, म्हणून त्या आधीच पाहून घ्याव्यात. रुळांची दुरुस्ती इंग्लंडमध्ये मुख्यत्वे रविवारी होते आणि गाडीऐवजी बस दिलेली असते. निघण्याच्या आठवड्यात वेळापत्रक पुन्हा एकदा तपासले की ते दिसते. इंग्लंड आणि वेल्समध्ये २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळेत सलग सहा तासच उघडे राहता येते, तेव्हा खरेदी दुपारीच उरकावी. खोली सोडली तरी बॅग तिथेच राहू द्यावी आणि सकाळ चालण्यासाठी ठेवावी: नदीकाठ, कालव्याची वाट, जुनी दफनभूमी, जे असेल ते. आठ-नऊच्या सुमारास रस्ते मोकळे असतात आणि शहर त्याच वेळी नीट दिसते.

परतीसाठी शेवटची गाडी कधीही धरू नये. तिच्या आधीच्या दोन गाड्या हाताशी असाव्यात, कारण सोबत कुणी नसताना अनोळखी स्थानकावर अडकणे त्रासाचे असते. तरीही गोंधळामुळे शेवटची गाडी हुकली आणि तिकीट वैध असेल, तर शक्य असेल तेथे मुक्कामी पोहोचवण्याची किंवा राहण्याची सोय करणे ही रेल्वे कंपनीची जबाबदारी असते. स्थानकातल्या कर्मचाऱ्यांशी बोलल्याशिवाय स्वतःच्या खर्चाने टॅक्सी करू नये, आणि तिकीट जपून ठेवावे, कारण उशिराची भरपाई मागताना तेच लागते.