५/१८ पाठ करण्याआधी हे बघ

अरे, ताशी किलोमीटरमधला वेग सेकंदाला मीटरमध्ये आणायला ५/१८ ने गुणतात, पण ते ५/१८ लगेच पाठ करू नकोस, आधी ते येतं कुठून ते बघ. १ किलोमीटर म्हणजे १००० मीटर, १ तास म्हणजे ३६०० सेकंद, १००० भागिले ३६०० केलं की ५/१८ आपोआप मिळतं. ताशी ७२ किमी म्हणजे तासाला ७२००० मीटर, ते ३६०० सेकंदांत वाटले की सेकंदाला २० मीटर, झालं. गुणायचं की भागायचं असा गोंधळ झाला तर एवढंच बघ की सेकंदाला मीटरचा आकडा नेहमी लहान येतो, ७२ चे २५९ आले म्हणजे उलटं केलंयस.

खरी गोची वेळेत होते, तिथे भलेभले फसतात. १ तास १२ मिनिटं म्हणजे १.१२ तास नाही रे!! १२ ला ६० ने भाग, ०.२ येतात, म्हणजे १.२ तास. कॅल्क्युलेटरवर १.१२ टाकलंस की पुढची सगळी आकडेमोड बरोबर असूनही उत्तर चुकतं आणि चूक सापडत पण नाही. आणि प्लीज, प्रत्येक स्टेपला युनिट लिही, नुसते आकडे नको. प्रवेगात सेकंदाचा वर्ग असतो, तिथे तासावरून येताना ३६०० ने दोनदा भागावं लागतं, ते युनिट लिहिलं तरच लक्षात येतं.