झाडं तोडून निसर्ग कसा राखतात?

प्रश्न : जूनमध्ये आम्ही दोघं मुलीकडे साउदॅम्प्टनला जाणार आहोत. जवळच्या डॉर्सेट परगण्यातले हीथ बघायला नेईन, असं ती म्हणते. मागच्या हिवाळ्यात तिथे स्वयंसेवक चांगली वाढलेली बर्चची झाडं तोडत होते, ते पाहून ती चक्रावली. हे कसलं संवर्धन? आम्ही तिथे काय पाहावं? आणि तिचा कुत्रा सोबत नेला तर चालेल का?
— एक वाचक

उत्तर : मुलीला सांगा, ते लोक अगदी योग्य काम करत होते. हीथ म्हणजे रेताड, आम्लधर्मी, निकस जमिनीवरचं खुरट्या झुडपांचं रान, आणि ते माणसाच्या हातून घडलेलं आहे. हजारो वर्षांपूर्वी लोकांनी तिथलं जंगल तोडलं. मग पिढ्यान्‌पिढ्या गुरं चारली, सरपणासाठी गॉर्स हे काटेरी झुडूप कापून नेलं. त्यामुळे जमीन निकसच राहिली आणि झाडांना डोकं वर काढता आलं नाही. हे थांबलं की बर्च आणि पाइन माजतात. इंग्लंडमध्ये १८०० साली जेवढं हीथ होतं, त्याच्या साधारण सहावा हिस्साच आज उरला आहे. बाकीचं शेती, पाइनची लागवड आणि घरं यांनी गिळलं.

झाडामुळे नुकसान नेमकं कसं होतं, ते सँड लिझर्डकडे पाहिलं की कळतं. हा वीतभर लांबीचा सरडा. वसंतात नराच्या कुशी हिरव्यागार होतात. मादी मे-जूनच्या सुमारास उघड्या वाळूत खणून अंडी घालते आणि निघून जाते. अंडी उबवतं ते ऊन. तिथे बर्चची सावली पडली की वाळू थंड राहते आणि पिल्लं बाहेर येतच नाहीत. म्हणून स्वयंसेवक झाडं तर काढतातच, शिवाय मुद्दाम वाळूचे उघडे पट्टेही राखतात. मला हे काम फार मोलाचं वाटतं.

पाहायला आर्नला जा. वेअरहॅमजवळ आरएसपीबी या ब्रिटनमधल्या पक्षिसंरक्षण संस्थेचं हे राखीव क्षेत्र आहे. ब्रिटनचे सहाही मूळ सरपटणारे प्राणी तिथे आहेत. त्यांतला विषारी एकच, अ‍ॅडर हा साप. सकाळी कोवळ्या उन्हात वाटेच्या कडेला नजर ठेवा, पण हात लावू नका. गॉर्सच्या शेंड्यावर शेपटी उभारून बसलेला, लालसर छातीचा डार्टफर्ड वॉर्बलर दिसेल. हा कीटकभक्षी पक्षी थंडीतही तिथेच राहतो, म्हणून १९६२-६३च्या कडाक्याच्या हिवाळ्यानंतर ब्रिटनमध्ये त्याच्या दहा-अकराच जोड्या उरल्या होत्या. हीदर या हीथवरच्या खुरट्या झुडपाचा जांभळा बहर मात्र जूनमध्ये नसतो, तो ऑगस्टमध्ये. जूनमध्ये त्याच्याच कुळातलं बेल हीदर नुकतं फुलू लागलेलं असेल.

माझं ऐकाल तर एक संध्याकाळ रातवा (नाइटजार) या निशाचर पक्ष्यासाठी राखून ठेवाच. सूर्य मावळतो साडेनवाच्या आसपास, त्यानंतर थांबा. नर फांदीवर बसून लांबलचक घरघर लावतो, मधूनमधून सूर बदलणारी. मध्येच उडून पंख फटकन आपटतो, तेव्हा त्यावरचे पांढरे ठिपके चमकतात. आफ्रिकेतून आलेला हा पक्षी घरटं बांधत नाही. दोन अंडी थेट जमिनीवर घालतो. मादी त्यावर बसते तेव्हा वाळक्या पाल्यातून ती वेगळी ओळखूच येत नाही.

म्हणूनच कुत्र्याबद्दल स्पष्ट सांगते. खुल्या प्रवेशाच्या जमिनींवर १ मार्च ते ३१ जुलै या काळात कुत्रा दोन मीटरपेक्षा लांब नसलेल्या पट्ट्यावर ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. राखीव क्षेत्रांचे स्वतःचे नियम याहून कडक असू शकतात, तेव्हा निघण्याआधी पाहून घ्या. वाटेवरूनच चाला, बिथरून उठलेल्या मादीची अंडी कावळे टिपतात. कुत्र्याची घाण पिशवीत भरून परत आणा, कारण तिने माती सकस होते आणि हीदरच्या जागी गवत माजतं. शेकोटी, बार्बेक्यू अजिबात नको. आणि घरी आल्यावर तुमच्या पायांवर आणि कुत्र्याच्या कानामागे गोचीड नाही ना, हे नीट तपासा. तिथल्या गोचिडांपासून लाइम हा आजार होऊ शकतो.