सही दादाची, शरीर आईचं

प्रश्न: आई ६४ वर्षांची, निवृत्त शिक्षिका, नागपुरात महाल भागात राहते. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी दर नोव्हेंबरला एकटी बँकेत जाते. तिला स्तनाचा कर्करोग निघालाय. येत्या मंगळवारी धंतोलीतल्या एका खासगी रुग्णालयात स्तन काढणार आहेत. आईला मात्र 'छोटी गाठ काढायची' एवढंच सांगितलंय. संमतिपत्रावर दादानं सही केली. मी बोलले तर म्हणतो, 'आई हाय खाईल.' फाईलही दाखवत नाही. मी काय करू?

उत्तर: ताई, हयातीच्या दाखल्याचं तुम्ही सहज लिहिलंत, पण माझ्या दृष्टीनं तेच महत्त्वाचं. स्वतःचे व्यवहार बघणाऱ्या सज्ञान बाईवर शस्त्रक्रिया करायची तर संमती तिचीच लागते. मुलगा कितीही कर्ता असो, इथे त्याच्या सहीला किंमत नाही.

सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली समीरा कोहली प्रकरणात हेच सांगितलं. ४४ वर्षांची बाई दुर्बिणीतून तपासणीसाठी दाखल झाली होती. तिला भूल दिलेली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय व अंडाशय काढले. डॉक्टरांचा हेतू चांगला होता, हे न्यायालयानं मान्य केलं. तरीही फी गेली, वर २५ हजारांची भरपाई द्यावी लागली. जीव वाचवायची तातडी असती तर गोष्ट वेगळी होती. तुमच्याकडे तर तारीख ठरलीय आणि आई शुद्धीवर घरात बसलीय!

शिवाय नुसता अंगठा किंवा सही म्हणजे संमती नव्हे. शस्त्रक्रिया कोणती, कशासाठी, धोके काय, दुसरा पर्याय आहे का, नाही केली तर काय होईल, हे सगळं डॉक्टरांनी तिला समजेल अशा भाषेत सांगायचं असतं. स्तन पूर्ण न काढता भागेल का, हा प्रश्न आईनं विचारायचा आहे. तिला तो सुचणार कसा, गाठच माहीत असेल तर?

आता तुम्हाला न आवडणारं सांगतो. फाईलवर तुमचा हक्क दादाइतकाच, म्हणजे शून्य. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णानं किंवा त्यानं नेमलेल्या माणसानं मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात. तेव्हा मागणी आईच्या सहीनं जाऊ द्या, किंवा तिच्याकडून अधिकारपत्र घ्या.

नोटीस, तक्रार इतक्यात नको. ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षं असतात, मंगळवार चार दिवसांवर आहे. रुग्णालयाच्या अधीक्षकांना साध्या कागदावर लिहा: 'रुग्ण सज्ञान आहे. शस्त्रक्रियेची माहिती तिला स्वतःला देऊन तिचीच संमती घ्यावी.' दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. असा कागद हाती पडल्यावर दादाच्या सहीवर चाकू उचलायला सर्जन धजेल, असं मला वाटत नाही.

दादाला खलनायक करू नका. आईच कदाचित म्हणेल, 'मला तपशील नको, तुम्ही पोरं बघा.' तसं म्हणायचाही तिला हक्क आहे. फक्त ते तिच्या तोंडून डॉक्टरांपुढे यावं आणि केसपेपरवर लिहिलं जावं.

सोमवारी आईला ओपीडीत नेताना तिचा वाचायचा चष्मा विसरू नका. संमतिपत्रं फार बारीक छापलेली असतात.