‘भीगी भीगी’ आधी कुणाचं होतं?

प्रश्न : नमस्कार. आम्ही गोव्यातल्या साखळी गावचे काही मित्र, भजनी मंडळात वाढलो, आता गिटार, ड्रम्स आणि घुमट (आपलं मातीचं तालवाद्य) घेऊन स्वतःची मराठी गाणी करतो. चवथीत, म्हणजे गणेशचतुर्थीत, कार्यक्रम मागायला गेलो की ‘हिंदी म्हणणार असाल तर या’ एवढंच ऐकायला मिळतं. परवा एकजण म्हणाला की ‘गँगस्टर’ या हिंदी सिनेमातलं ‘भीगी भीगी’ मुळात एका बंगाली रॉक बँडचं आहे. खरं का? आणि ती माणसं पुढे कुठे गेली?

उत्तर : अगदी खरं आहे, आणि तुम्ही विचारलंत म्हणून फार बरं वाटलं, कारण या बँडबद्दल आपल्याकडे कोणी बोलतच नाही. बँडचं नाव मोहीनेर घोडागुली, म्हणजे मोहीनचे घोडे, हे नाव बंगाली कवी जीवनानंद दासांच्या कवितेतून घेतलेलं. 1975 साली कोलकात्यात गौतम चट्टोपाध्यायनं तो सुरू केला. हा माणूस आधी पार्क स्ट्रीटच्या हॉटेलांत इंग्लिश गाणी वाजवायचा, मग नक्षलवादी चळवळीत गेला, तुरुंगात राहिला, आणि बाहेर आल्यावर भाऊ आणि मित्र गोळा करून गिटार, व्हायोलिन, बासरी घेऊन बंगालीत गायला लागला, त्यात बाउल, म्हणजे बंगालातल्या फिरत्या लोकगायकांच्या, गाण्यांचा सूरही येऊन मिसळला. 1977, 1978 आणि 1979 मध्ये एकेक छोटी रेकॉर्ड निघाली, गाणी मोजकीच. लोकांना तेव्हा रवींद्रसंगीत आणि सिनेमाची गाणी हवी होती, यांचं काही फारसं कोणाला पचलं नाही आणि 1981 च्या सुमारास बँड मोडला.

पहिल्या रेकॉर्डमधलं ‘हाय भालोबाशी’ तेवढं नक्की ऐका. गाणारा आपल्याला काय काय आवडतं ते सांगत जातो, होडीतून तरंगणं, फुलपाखरं, पिकासो, बीटल्स, डिलन, रविशंकर, पहाटेच्या धुक्यातून घरी परतणं, सगळं कसं छान चाललेलं असतं आणि मग शेतात बंदरात घाम गाळणारी माणसं दिसतात आणि त्याला यातलं काहीच आवडेनासं होतं. एवढंच गाणं, पण 1977 साली हे रॉकमध्ये, स्वतःच्या भाषेत, कुठलंही भाषण न देता करणं ही माझ्या मते फार मोठी गोष्ट आहे.

आता पुढचं. गौतम सिनेमाकडे वळला, त्याच्या ‘नागमोती’ला 1983 चा बंगालीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शेवटच्या काळात तो आसामात कार्बी लोकांबरोबर काम करत होता, 1999 च्या जूनमध्ये गेला. बँडमधल्या बाकीच्यांपैकी अब्राहम मजुमदार कोलकात्यात मुलांना पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत शिकवायला लागले, रंजन घोषाल बेंगळुरूला जाहिरात आणि नाटकात रमले, ते 2020 मध्ये गेले. तापस दास, ज्यांना सगळे बापीदा म्हणायचे, त्यांनी नवीन मुलं घेऊन जुनी गाणी स्टेजवर जिवंत ठेवली. ते आजारी पडले तेव्हा त्यांच्यापेक्षा कितीतरी लहान गायकांनी कार्यक्रम करून उपचाराला पैसे उभे केले. 2023 मध्ये तेही गेले.

पण खरी गंमत 1995 ची. कोलकात्याच्या पुस्तक मेळ्यात गौतमनं ‘आबार बोछोर कुडी पोरे’ नावाची कॅसेट आणली, वीस वर्षांनी पुन्हा असा अर्थ, आणि त्यात जुन्यांबरोबर नवीन पोरांनाही घेतलं. कॉलेजातल्या मुलांनी ती उचलून धरली, बंगाली बँडची लाट आली त्यात या कॅसेटचा वाटा फार मोठा. पुढची तीन वर्षंही तो दरवर्षी असं एक संकलन काढत राहिला. ‘भीगी भीगी’चं मूळ गाणं ‘पृथिबीटा नाकी’ याच 1995 च्या कॅसेटमधलं, सॅटेलाइट आणि केबलमुळे जग आक्रसत जाऊन दिवाणखान्यातल्या टीव्हीत कोंडलं गेलंय असं ते गाणं. 2006 मध्ये तीच चाल प्रीतमनं ‘गँगस्टर’मध्ये घेतली, बांगलादेशचा रॉक गायक जेम्स यानं गायली, शब्द मात्र प्रेमाचे झाले. जेम्सचा आवाज मला आवडतोच, पण चालीमागचा संताप हिंदीत राहिला नाही याचं वाईट वाटतं.

कार्यक्रमांचं म्हणाल तर आयोजकांशी भांडू नका. आपल्या गोव्याचा गायक रेमो फर्नांडिस, त्यानं 1984 मध्ये शिवोलीच्या घरात ‘गोअन क्रेझी’ ही कॅसेट स्वतः रेकॉर्ड केली आणि कॅसेटी स्कूटरवरून दुकानांत पोचवल्या, तुम्हाला तर आज फोन पुरतो. आधी दोन-तीन गाणी नीट रेकॉर्ड करा, घुमटाला वेगळा माइक द्या, नाहीतर ड्रम्समध्ये तो ऐकूच येत नाही. चवथीत मागतात ती हिंदी म्हणा, पण स्वतःचं एक मराठी गाणं तिसऱ्या नंबरला ठेवा, शेवटाला नको, तोपर्यंत माणसं आरतीला उठलेली असतात.